नासावंशाचे रक्षण : सुश्रुत, पुण्याचा कुंभार आणि आपण

आमच्या संग्रहातील जुन्या रुग्णपत्रकांमध्ये एक पत्रक असे आहे की, ते हाती आले म्हणजे आजही मन खिन्न होते. नवीन जालन्यातील आमच्या चिकित्सालयात अकरा वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याची आई व आजी आल्या होत्या. तीन दिवसांपूर्वी क्रिकेट खेळताना चेंडू नाकावर बसला होता. थोडे रक्त आले व थांबले. आजीने जवळच्या औषधालयातून लेप आणून लावला. सूज थोडी उतरली, परंतु मुलाच्या दोन्ही नाकपुड्या बंद होत्या व तो रात्रभर तोंड उघडे ठेवून झोपत होता. आम्ही बाहेरून नाक चाचपले. हाडांची करकर लागली नाही. "हाड मोडलेले नाही, काळजी नको," असे सांगून आम्ही दशांग लेप व एक गुग्गुळकल्प लिहून दिला आणि पाच दिवसांनी येण्यास सांगितले. नाकाच्या आत आम्ही पाहिले नाही.

तो मुलगा चौथ्याच दिवशी परत आला, अंगात ताप व नाकात ठणका घेऊन. आम्ही त्यास तातडीने औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. नाकाच्या पडद्यात साचलेल्या रक्ताचा पू झाला होता. तो काढला गेला व मुलाच्या जिवावरचे संकट टळले. परंतु वर्षभरात त्याच्या नाकाचा दांडा मध्यभागी खचला. घोड्याच्या पाठीवरील खोगिरास जसा खोलगट भाग असतो, तसा आकार नाकास आला. घरच्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. तो आम्ही स्वतःस देत आलो आहोत.

नासासंधानाचे जनक म्हणून सुश्रुताचार्यांचे नाव आपण सारे अभिमानाने घेतो. सभासंमेलनांतून, फलकांवरून, औषधालयांच्या दिनदर्शिकांवरून त्यांचे चित्र आपण पाहतो. परंतु नाक नव्याने घडविणे आणि असलेल्या नाकाचा दांडा खचू न देणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संहितेतही त्या दोन वेगळ्या स्थानी सांगितल्या आहेत. दुसरी गोष्ट कमी दिमाखदार, पण सामान्य चिकित्सकाच्या हातात असलेली आहे. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

नासावंश कशावर उभा असतो?

ज्यास रुग्ण 'नाकाचे हाड' म्हणतो, ते बहुतांशी हाड नसतेच. नासावंशाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग दोन लहान नासास्थींचा असतो. त्याखालचा भाग कूर्चेचा, म्हणजे तरुणास्थीचा असतो. या दोहोंच्या खाली मधोमध नाकाचा पडदा उभा असतो. तंबूस जसा मधला खांब, तसा नासावंशास हा पडदा. खांब शाबूत असेल तर वरचे कापड ताठ राहते. खांब कुजला तर कापड कितीही चांगले असले तरी तंबू बसतो. हाड व कूर्चा जेथे एकमेकांस मिळतात ती जागा तर कमानीतील कळीच्या दगडासारखी असते. ती निसटली की सारी रचनाच सैल होते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगताना नाक, कान, ग्रीवा व नेत्रकोश येथील अस्थींना तरुण म्हटले आहे. निदानस्थानात भग्नाचे वर्णन करताना ते म्हणतात की, नलकास्थी मोडतात, कपालास्थी फुटतात, परंतु तरुणास्थी वाकतात. हा भेद चिकित्सकाच्या फार उपयोगाचा आहे. नाकावर आघात झाला व हाडाची करकर लागली नाही, म्हणजे इजा नाही असे नव्हे. तरुणास्थी वाकते व पुन्हा सरळ होते, पण या वाकण्यात तिच्यावरील नाजूक आवरण सुटून त्यातील रक्तवाहिन्या तुटू शकतात. पडद्याच्या कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण या आवरणातूनच होते. आवरण व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचले की कूर्चा उपाशी पडते. साधारण तीन-चार दिवसांत ती मरू लागते. साचलेल्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर ती त्याहून वेगाने विरघळते. आमच्या त्या बालरुग्णाचे हेच झाले.

सुश्रुतसंहितेतील दोन विधी

नासासंधानाचा प्रसिद्ध विधी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात, कर्णव्यधाच्या प्रकरणात येतो. त्याच अध्यायात तुटलेल्या कर्णपाळीच्या जोडणीचे पंधरा प्रकार आहेत. तुटलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाच्या बाजूची त्वचा एका टोकास जोडलेली ठेवून उचलावी, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि त्वचा तेथे त्वरेने नीट जुळवून बांधावी, असा तो क्रम आहे. जोड योग्य बसल्यावर दोन नलिका घालून नाक उंचावून घ्यावे, वर पत्तंग, यष्टीमधु व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, पांढऱ्या कापसाने झाकून तिळतेलाने वारंवार सिंचन करावे, रुग्णास घृतपान द्यावे व यथाकाल विरेचन द्यावे. भाग रुजल्यावर जोडणारी त्वचा कापावी. नाक लहान झाले असल्यास वाढविण्याचा प्रयत्न करावा व अधिक मांस असल्यास समतल करावे.

यातील नाक उंचावून घेण्याची सूचना सहज नजरेआड होते. नुसती त्वचा जोडून भागत नाही, आतून आधार देऊन तिला उभारी द्यावी लागते, हे आचार्यांनी जाणले होते. दोन नलिकांचे काम केवळ श्वासमार्ग मोकळा ठेवणे एवढेच नव्हते.

दुसरा विधी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत आहे. आघाताने नाक बसले असेल किंवा वाकडे झाले असेल, तर शलाकेने ते सरळ करावे, दोन्ही नाकपुड्यांत दोन्ही तोंडे उघडी असलेल्या स्वतंत्र नलिका घालाव्यात, वरून पट्टा बांधावा व घृताचे सिंचन करावे, असे तेथे सांगितले आहे. आज शस्त्रक्रियागृहात नासास्थी आतून उपकरणाने उचलून जागी बसवितात, आतून आधार देतात व बाहेरून साचा बसवितात. त्यामागील तत्त्व हेच आहे. नासावंशरक्षणाचे आपल्या परंपरेतील मूळ सूत्र शोधावयाचे तर ते सोळाव्या अध्यायापेक्षा या छोट्या विधानात अधिक स्पष्ट सापडते. व्याख्यानांतून मात्र पहिलेच नेहमी सांगितले जाते.

पुण्याजवळचे ते नाक

महाराष्ट्रात नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावयाचा तर १७९३ सालच्या पुण्यापाशी यावेच लागते. म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात इंग्रज सैन्यासोबत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. १७९२ साली त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी नोंदीत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे नोंदले गेले आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हा वृत्तांत चित्रासह छापून आला.

वृत्तांतातील कृती बारकाईने वाचण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार करावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून भोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेनुसार कपाळाची त्वचा उचलावयाची, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मधली बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. ही पट्टी रक्तपुरवठा चालू ठेवते. नाकाच्या जुन्या व्रणाची कड कापून ताजी करावयाची, तिच्यामागे छेद घ्यावयाचा, त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची व त्या छेदात बसवावयाची. जोड सांभाळण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे ठेवावयाची. पहिले पाच-सहा दिवस रुग्णास उताणे निजवावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे आत घालावयाचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडणारी पट्टी कापावयाची.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी येथे कात पाहावा. इंग्रजांनी 'टेरा जॅपोनिका' म्हणून नोंदलेले हे द्रव्य खैराचा कात, म्हणजेच आपला खदिरसार. त्याचा स्तंभन व ग्राही गुण, वरून तुपाचे स्नेहन व रोपण, ही योजना कोणत्याही वैद्यास परकी वाटू नये.

परंतु ही शस्त्रक्रिया करणारा कोण होता? वृत्तांतात त्याचे नाव नाही. फक्त जात दिली आहे : विटा करणारा. तो कुंभार असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. टिपूच्या कैद्याचे नाव, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे, चित्रकाराचे नाव, सारे टिकले. ज्याने नाक केले त्याचे टिकले नाही. आपल्या दृष्टीने याहून बोचरी गोष्ट ही की, सुश्रुताचे शस्त्रकर्म अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एखाद्या प्रतिष्ठित वैद्यघराण्यात नव्हे, तर मातीत हात घालणाऱ्या एका घरात जिवंत होते. ग्रंथ आपण पाठ केला, हात त्याने राखला. शिवाय संहितेतील त्वचा गालाची आहे, पुण्यातील कपाळाची. सुश्रुताचा विधी जसाच्या तसा पुण्यापर्यंत आला, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. पिढ्यानुपिढ्या काम करणाऱ्या कोणीतरी तो बदलला, सुधारला. कपाळाची त्वचा जाड, रंगाने नाकास मिळतीजुळती व रक्तपुरवठ्याने समृद्ध असते. आजही मोठ्या नासाभंगात शल्यतज्ज्ञ तीच निवडतात.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यतज्ज्ञाने वरील वृत्तांतावरून प्रेरणा घेतली, आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याचे पुस्तक निघाले. १८१८ साली जर्मनीत ग्रेफे यांनी 'ऱ्हिनोप्लास्टिक' हा ग्रंथ लिहिला व त्यातून या शाखेस नाव मिळाले. इकडे काठेवाडात जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी कपाळाच्या त्वचेने केलेल्या शंभर रुग्णांचा वृत्तांत १८८९ साली प्रसिद्ध केला. गुन्ह्याची शिक्षा, सूड, संशय अशा कारणांनी नाके कापण्याची दुष्ट चाल आपल्या देशात होती, म्हणूनच ती जोडणारे हातही येथे तयार झाले, हे कटू सत्य यामागे आहे.

त्वचा मिळाली, दांड्याचे काय?

कापलेल्या नाकात सामान्यतः खालचा मऊ भाग जातो व वरच्या नासास्थी राहतात. त्यामुळे कपाळाची त्वचा वरून लोंबती सोडली तरी तिला वरच्या अंगास टेकू मिळतो. पण खाली कूर्चा नाही, आतून अस्तर नाही. अस्तर नसलेली त्वचा काळाच्या ओघात आकसते व नाक लहान, चपटे होते. इंदूरच्या रेसिडेन्सीत शल्यचिकित्सक असलेल्या कीगन यांनी उरलेल्या नाकावरील त्वचा आत वळवून तिचेच अस्तर करण्याची पद्धत मांडली. त्यांचे पुस्तक १९०० सालचे आहे. आज शल्यतज्ज्ञ नाक तीन थरांचे मानतात : आतील अस्तर, मधला आधार व बाहेरील त्वचा. तीनही थर परत दिल्याखेरीज नाक टिकत नाही.

या विचाराची दुसरी बाजू कुष्ठरोगाने शिकविली. कुष्ठरोगात बाहेरील त्वचा शाबूत असते, पण आतील श्लेष्मल अस्तर व पडद्याची कूर्चा नष्ट होते. आतील अस्तर आकसून बाहेरची त्वचा खाली ओढते व नासावंश खचतो. कावसजीच्या नाकाच्या नेमके उलट असे हे चित्र आहे. त्याचे बाहेरचे गेले होते, यांचे आतले जाते. येथे कपाळाची त्वचा आणून उपयोग नाही. इंग्लंडमधील हेरॉल्ड गिलीज यांनी १९२३ च्या सुमारास फिरंगरोगाने बसलेल्या नाकांविषयी हेच सांगितले होते की, बाहेरची त्वचा आहे तशी ठेवावी व आतून आकसलेले अस्तर सोडवून तेथे नवे अस्तर द्यावे. गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांचे मोठे काम उभे केले. कावसजीच्या नाकानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याच्याच परिसरात पुन्हा नाके घडली. या वेळी ती समाजाने दूर लोटलेल्यांची होती.

आमच्या वैद्यबंधूंसाठी यातील बोध शस्त्रक्रियेचा नाही, त्याआधीचा आहे. नाक सतत चोंदणे, खपल्या धरणे, वारंवार रक्त येणे, गंध कमी होणे, सोबत त्वचेवर बधिर डाग किंवा कानाच्या पाळ्या जाड होणे, असे दिसल्यास केवळ प्रतिश्याय म्हणून नस्य देऊन मोकळे होऊ नये. कुष्ठरोगाची बहुविध औषधोपचार पद्धती शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळते. ती वेळेवर सुरू झाली तर नासावंश राखण्यास दुसऱ्या कोणत्याही शस्त्राची गरज पडत नाही.

आजचे शल्यतंत्र : राखून घडविणे

गेल्या शतकात सौंदर्यासाठी नाकाची शस्त्रक्रिया वाढली. दांड्यावर उंचवटा असलेले नाक लहान करण्यासाठी १८९८ साली बर्लिनच्या जोसेफ यांनी जी दिशा दिली, तीत दांड्याचा वरचा उंचवटा तासून काढला जाई. तासल्यावर वरचे छत उघडे पडते. ते मिटविण्यासाठी बाजूची हाडे कापून आत सरकवावी लागतात. मधली कूर्चा सैल पडून काही वर्षांनी दांड्यावर उलट्या व्ही आकाराची खूण दिसू लागते व श्वासही अडतो. हा दोष टाळण्यासाठी १९८४ साली शीन यांनी पडदा व बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या पट्ट्या बसविण्याची पद्धत मांडली.

याहून वेगळा विचार मात्र जुनाच होता. दांडा तासण्याऐवजी त्याखालील पडद्याची एक पट्टी काढावी व संपूर्ण दांडा अखंड खाली बसवावा, असे गुडेल यांनी १८९९ साली व लोथ्रॉप यांनी १९१४ साली सुचविले. कॉटल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही पद्धत रूढ केली. यात दांड्याचा वरचा पृष्ठभाग, हाड-कूर्चेचा सांधा व त्यावरील आवरण यांना धक्का लागत नाही. तासण्याच्या पद्धतीपुढे ती बरीच वर्षे मागे पडली होती. २०१८ च्या सुमारास फ्रान्सचे साबान, अमेरिकेचे डॅनियल आदींनी तिला 'प्रिझर्वेशन ऱ्हायनोप्लास्टी', म्हणजे राखून केलेले नासासंधान, या नावाने पुन्हा पुढे आणले. प्रत्येक नाकास ती लागू पडते असे नाही. पूर्वी शस्त्रक्रिया झालेले, फार वाकडे किंवा अतिशय मोठ्या उंचवट्याचे नाक असेल तर जुन्या पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो.

पडद्याच्या शस्त्रक्रियेतही तोच नियम आहे. 'नाकाचे हाड वाढले आहे' असे म्हणत येणाऱ्या रुग्णाचा पडदा बहुधा वाकडा असतो. तो सरळ करताना पडद्याची वरची व पुढची कड, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात, किमान एक ते दीड सेंटीमीटर रुंद राखावीच लागते. तेवढी कूर्चा राहिली नाही तर दांडा बसतो. आपल्या रुग्णास अशी शस्त्रक्रिया सुचविली गेली असेल, तर दांड्याचा आधार कसा राखला जाणार आहे व श्वास सुधारेल काय, हे दोन प्रश्न तज्ज्ञांना विचारण्यास त्याला सांगावे. लग्नाआधी केवळ रूपासाठी घाई करणाऱ्या तरुणतरुणींना चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा सल्ला द्यावा. बाजारात मिळणाऱ्या, नाक चिमटून 'सरळ व उंच' करणाऱ्या चापांनी हाड किंवा कूर्चा बदलत नाही, हेही स्पष्ट सांगावे.

चिकित्सकाचे कर्तव्य

२०२० साली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य विषयांतील पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली. त्यांपैकी १९ शालाक्याची होती. त्यावर देशभर वाद झाला. आता ती परिषद राहिली नाही. तिची जागा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली आहे. या वादात आपण कोणत्याही बाजूचे असू, एक गोष्ट निर्विवाद आहे. आपल्यापैकी बहुतेक जण शस्त्रक्रिया करीत नाहीत, परंतु नाकावर आघात झालेला रुग्ण आपल्यातील प्रत्येकाकडे येतो. त्याच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली, नाकाच्या आत पाहिल्याशिवाय रुग्णास घरी पाठवू नये. चांगली विजेरी व नासावीक्षण यंत्र एवढे पुरे. पडद्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंस लालसर-जांभळी, फुगीर सूज दिसते काय, हे पाहावे. कापूस गुंडाळलेल्या शलाकेने हळूच दाबल्यास वाकडा पडदा कठीण लागतो, साचलेले रक्त मऊ, दबणारे लागते. आघातानंतर दोन्ही नाकपुड्या बंद होणे हे मोठे सूचक लक्षण आहे. शंका आली तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. रक्त काढून टाकणे, आवरण पुन्हा कूर्चेस चिकटेल असा दाब देणे व जंतुसंसर्ग रोखणे, ही कामे तासांच्या हिशेबाने करावयाची असतात. लेप, गुग्गुळकल्प किंवा अन्य कोणत्याही औषधाने साचलेले रक्त वेळेत निघत नाही.

दुसरी, पहिल्या दिवशी पडदा ठीक दिसला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. रक्त हळूहळूही साचते. लहान मुलांत विशेष दक्षता घ्यावी, कारण पडदा हेच नाकाच्या वाढीचे केंद्र आहे. मुलाच्या पडद्याची कूर्चा गेली तर नाक खचते, आणि पुढे वाढतही नाही.

तिसरी, आघातानंतर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव येत असेल, विशेषतः पुढे वाकल्यावर, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. अशा रुग्णास नस्य कदापि देऊ नये व नाक शिंकरू देऊ नये. त्वरित मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

चौथी, हाड मोडून नाक वाकडे झाले असेल तर ते बसविण्याची वेळ ठरलेली असते. सूज येण्यापूर्वीचे काही तास, अथवा सूज उतरल्यावर. प्रौढांत साधारण दोन आठवड्यांच्या आत, मुलांत सुमारे आठवड्याभरात. त्यानंतर हाडे तशीच जुळून येतात. सुजेमुळे वाकडेपण झाकले जाते, म्हणून चार-पाच दिवसांनी पुनर्तपासणी अवश्य ठेवावी.

लाक्षादी गुग्गुळ, गंध तेल, घृतपान, अस्थिधातूचे पोषण करणारा आहार यांचे स्थान या सर्वांनंतर आहे. ते द्यावेत, परंतु तपासणीऐवजी देऊ नयेत. भग्नचिकित्सेतही आधी नाक सरळ करणे व नलिका घालणे आहे, घृतसिंचन त्यानंतर आहे. क्रम आचार्यांचाच आहे, तो आपण उलटा करू नये.

औषधालयांच्या बंधूंसाठी

आघाताचा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी औषधालयात जातो. आमच्या त्या बालरुग्णाची आजीही आधी तेथेच गेली होती. लेप देण्यात चूक नव्हती. काही विचारले गेले नाही, एवढेच उणे राहिले. आम्हीही विचारले नाही, म्हणून हे दुसऱ्या कोणावर ढकलण्याचा आमचा हेतू नाही. नाकाच्या माराकरिता कोणी लेप, तेल किंवा वेदनाशामक मागितले, तर तीन प्रश्न विचारावेत : मार लागून किती दिवस झाले? दोन्ही नाकपुड्यांतून श्वास जातो काय? नाकातून पाण्यासारखे काही येते काय, किंवा ताप आहे काय? उत्तर संशयास्पद असेल तर औषध देण्यापूर्वी वैद्याकडे किंवा रुग्णालयात जाण्यास सांगावे. ताज्या माराच्या नाकात अणुतेल किंवा कोणतेही नस्य घालण्यास देऊ नये. अशा वेळी एक विक्री गेली तरी चालेल. गेलेली कूर्चा परत येत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. कधी कधी आईच्या औषधासाठी तोच आमच्याकडे येतो. त्याच्या नाकाचा दांडा पुन्हा उभारता येईल, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे. त्यासाठी त्याच्या बरगडीची कूर्चा घ्यावी लागणार आहे. म्हणजे एका जागी वेळीच जे राखता आले असते, त्यासाठी दुसऱ्या जागी छेद. त्यास याविषयी फारसे बोलावयास आवडत नाही व आम्हीही विचारत नाही. मात्र त्या वेळेपासून नासावीक्षण यंत्र व विजेरी आमच्या मेजावर, नाडी पाहण्याच्या उशीशेजारी ठेवलेली असतात. नाकावर मार लागलेला रुग्ण आला की प्रथम हात तिकडे जातो. आमच्या समव्यवसायी बंधुभगिनींच्या मेजावरही ती असावीत, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.